वांग्यांची टोपडी

१२ जून

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगतो. काल धाकट्याला मी मारलं. फावड्याच्या दांड्याने, उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

कारण ऐक. आईच्या पांढऱ्या वांग्यांचं बी तिच्यामागे मी पोटच्या पोरासारखं जपलं. यंदा झाडांना काय लागावं? जांभळी! काही नुसत्या जांभळ्या पट्ट्यांची. वेगळा निघाल्यावर धाकटा एकदाच घरी आला होता, शिलाईचं मशीन न्यायला. तेव्हाच त्याने बी बदललं. फावड्यासकट तडक त्याच्या दुकानात गेलो, तर शहाणा हसून म्हणतो, वांगी काय रंग बघून खातात? डोक्यात तिडीक गेली. घरी येऊन झाडंही उपटली, दमलो तेव्हा एक उरलं होतं. माझं काय चुकलं, तूच सांग.

भावोजींना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा मधला

२० जून

चि. मधल्यास, आशीर्वाद. तेही आईने लावलेली सवय म्हणून.

मेल्या, आई बियाण्याच्या फुलांना कळीतच मलमलची टोपडी बांधायची, ती काय लाड म्हणून? शेजारच्या जांभळ्या वांग्यांवरची माशी आपल्या फुलावर बसू नये म्हणून. टोपडी धाकटा शिवायचा. भांडून वेगळा झाला तरी गेल्या वर्षी त्याने ती पाठवली, आणि तू जाळलीस. वर मला मिशीला पीळ देऊन कळवलंस. फळ तेव्हा पांढरंच दिसलं, पण भेसळ बियात शिरली होती. बी तूच बदललंस!

त्याच्या बायकोचं पत्र आलंय. अंगठा आता वळणार नाही. शिंप्याने कात्री काय पायाने धरायची? जा, त्याच्या पायावर डोकं ठेव. नाहीतर माझं दार तुला बंद.

तरीही तुझी,
अक्का

३ जुलै

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

गेलो होतो. पाया पडायला वाकलो, तर त्याने डाव्या हाताने कात्री उचलून माझ्या खांद्यात खुपसली. मी हात आडवा घातला नाही. त्याची बायको किंचाळत होती, शिवायला आलेल्या कपड्यांवर रक्त उडालं. मग त्यानेच मलमलचा तुकडा ओढून जखमेवर दाबला आणि दातांनी गाठ मारली. रडत रडत शिव्या देत होता. आईवरून मात्र एकही नाही, आई एकच ना आपली.

घरी येऊन उपटलेल्या झाडांचा ढीग उचकला. दोन झाडांना पांढरीच वांगी होती गं, सुकलेली, कोवळी. रागात मी तीही उपटली. परसात उरलंय ते जांभळं. त्याच्या कळीला तोच तुकडा धुऊन बांधलाय, पण माझी गाठ सारखी सुटते.

त्याला इकडे पाठवशील का? कात्री घेऊन आला तरी चालेल.

दार उघडं ठेव.

तुझा मधला