धोंडाबाई, स्वतःच्या सहीने

मी, धोंडाबाई सिदू बडे, वय अठ्ठावन्न, धंदा शेती आणि पोरी सांभाळणं, राहणार पिंपळदरा वस्ती, तालुका शिरूर कासार, जिल्हा बीड, हा कागद कुणाच्या सांगण्यावरून नाही की कुणाच्या धाकाने नाही, तर पूर्ण शुद्धीत करून ठेवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या नावाने कुणी दुसरं दाखवलं तर ते खोटं समजावं. पोटाच्या आजाराचं नाव डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं आहे आणि ते मला समजलं आहे. माझ्या शुद्धीबद्दल कुणी शंका काढील, म्हणून लिहिते: गेल्या ऊसतोडीच्या हंगामात माझ्याकडे राहिलेल्या अकरा पोरींची नावं, त्यांच्या यत्ता आणि कुणाला कालवणात तिखट सोसत नाही, हे मला आजही तोंडपाठ आहे.

धर्म काय लिहू, असं वकीलसाहेबांनी विचारलं. ख्रिस्ती लिहा, म्हटलं. ते म्हणाले, "मावशी, वाद वाढंल. ती जागा मोकळी ठेवू का?" मोकळी ठेवायची नाही. का, ते आधी सांगते, म्हणजे पुढची कलमं वाचणाऱ्याला कोड्यात पडावं लागणार नाही.

मी तिसरी मुलगी. माझ्या जन्माची खबर दिली तेव्हा वडील म्हणाले, "धोंडा झाला," आणि तेच नाव पडलं. पंधराव्या वर्षी शेजारच्या गावच्या त्रिंबक घुगेशी लग्न लागलं आणि त्याच हंगामात ऊसतोडीला गेले. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाच्या वहीत त्रिंबकचं नाव आणि पुढे 'एक कोयता'. त्या एकात मी होते. नऊ हंगाम तशी होते.

चोविसाव्या वर्षी अंगावरून जायला लागलं. एका खासगी दवाखान्यात गर्भाची पिशवी काढली. मला वाटलं, गाठ काढली. कागदावर सही त्रिंबकची होती. मला विचारायचं असतं हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. मूल झालेलं नव्हतं. दोन महिन्यांत त्याने मंगलला करून आणलं. मला म्हणाला, "कोयत्याला जोड पाहिजे. तू अर्धा कोयता बी न्हाईस आता." मी माझं गाठोडं उचललं आणि भावाकडे, बद्रीनाथकडे आले. त्याने गोठ्याच्या कडेची जागा दिली. लग्नकार्याच्या दिवशी मला मागच्या दाराने शेतात पाठवलं जायचं, कारण माझ्यासारखीचं तोंड नवरीने पाहू नये.

टाक्यांची जखम पुन्हा चिघळली तेव्हा मी एकटी पाटोद्याला गेले. तिथे ख्रिस्ती लोकांचा आठ खाटांचा लहान दवाखाना होता. सत्यशीला सिस्टरांनी विचारलं, "नाव काय तुमचं?"

"त्रिंबकची टाकलेली."

"ते नाही विचारलं. तुमचं नाव."

मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि माझी घाण स्वतःच्या हाताने धुतली. तिथे रोज सकाळी प्रार्थना व्हायची. सिस्टर एकेका खाटेवरच्या माणसाचं नाव घेऊन देवाला सांगायच्या. पहिल्या सकाळी त्या म्हणाल्या, "हे प्रभू, धोंडाबाईला बरं कर." मी मागे वळून पाहिलं, ही दुसरी धोंडाबाई कोण? नवऱ्याचं नाव न लावता, बापाचं नाव न लावता, मला कुणी देवापुढे उभं केलं नव्हतं. मी सिस्टरांना विचारलं, "कावून करताव एवढं? मी तुमची कोण?"

त्या म्हणाल्या, "माझी कोणी असायची गरज नाही. त्याची आहेस, तेवढं पुरे."

मला ते पटलं नाही. बरी झाले, तिथेच आया म्हणून राहिले, लिहायला-वाचायला शिकले, तरी दोन वर्षं पटलं नाही. देवाला बाप म्हणायचं आलं की माझी जीभ अडायची. मला एकच बाप माहीत होता आणि त्याने माझ्याकडे बघून काय म्हटलं होतं तेही. मग एके दुपारी दवाखान्यात कुणी नव्हतं, मी फरशी पुसत होते. काय झालं सांगता येत नाही, पण फडकं खाली ठेवून मी मोठ्याने बोलले, "मी धोंडाबाई. मी हाय इथं." कुणी उत्तर दिलं नाही. पण मला कळलं, की मी इथे आहे हे त्याला आधीपासून माहीत होतं. गोठ्यात होते तेव्हाही, उसाच्या फडात होते तेव्हाही. मी खूप रडले. नंतर उरलेली फरशी पुसली.

बाप्तिस्म्याच्या वेळी पाळक अभिमन्यू साळवे म्हणाले, "नवीन नाव घ्यायचं तर घ्या. रूथ, मार्था, लई गोड नावं आहेत." मी नाही म्हटलं. ज्या नावाने मला हिणवलं त्याच नावाने त्याने मला बोलावलं, मग ते मी का टाकू? त्यावर पाळकांनी शास्त्रातलं धोंड्याबद्दलचं एक वचन वाचून दाखवलं. ते मला पाठ आहे. इथे लिहीत नाही, ते माझं स्वतःचं आहे.

आता कलमं.

कलम एक. वडील वारले तेव्हा मला चितेजवळ येऊ दिलं नाही. "तू बाटलीस," असं बद्रीनाथ चारचौघांत म्हणाला. मात्र पंधरा दिवसांनी तोच हक्कसोडीचा कागद घेऊन पाटोद्याला आला. मी सही केली नाही आणि अंगठाही दिला नाही. तहसीलला चकरा मारून माझ्या वाट्याचे मुरमाड तीस गुंठे मी माझ्या नावावर करून घेतले. दवाखाना बंद झाल्यावर तिथे दोन खोल्या आणि पत्र्याचा ओटा बांधला. ही जमीन व घर मी शिवकन्या त्रिंबक घुगे हिला देते. ती परळीला नर्स आहे. कलम तीनमधली खोली सोडली, तर तिच्याशिवाय यावर कुणाचा हक्क नाही.

शिवकन्या मंगलच्या पोटची. ती मला कशी मिळाली, ते बद्रीनाथने वाचावं म्हणून लिहिते. दिवाळीनंतरचे दिवस होते. मंगल नऊ वर्षांच्या पोरीला घेऊन माझ्या कुंपणाशी आली. त्रिंबक दूर रस्त्यावरच थांबला होता. मंगल म्हणाली, "अक्का, हिला शाळा सोडायची न्हाई. फडात नेली तर संपलं. सहा म्हैने ठिवता का?" मी तिच्या तोंडावर दार लावलं. हो, लावलं. त्या दिवशी मी प्रार्थनेला बसले आणि एक शब्द सुचला नाही. जिला कुणी ठेवून घेतलं नाही तिला देवाने ठेवून घेतलं, आणि तीच आता एका पोरीला दारातून परत लावते, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. दुसऱ्या सकाळी टोळीचा ट्रॅक्टर निघायच्या आत मी त्यांच्या गावी पोचले. पोरगी बोचक्यांवर बसली होती. मी तिला खाली उतरवलं.

त्रिंबक जवळ आला. "धोंडे, लई उपकार..."

"धोंडाबाई म्हण," मी म्हणाले.

सगळी टोळी ऐकत होती. तो खाली बघून म्हणाला, "धोंडाबाई."

तो चार वर्षांपूर्वी वारला. त्याच्याशी माझा हिशेब त्या सकाळीच मिटला होता.

कलम दोन. दर हंगामाला, दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत, तोडीला गेलेल्या कुटुंबांच्या पोरी या घरात राहतील आणि शाळेत जातील. शिवकन्येने हे चालू ठेवावं. मी पोरी बाटवते अशी तक्रार दोनदा झाली. चौकशीला आलेल्या बाईंना मी घर दाखवलं. एका पोरीने पेटीच्या वर भिंतीला वैजनाथाचा फोटो लावला होता. त्याचा खिळा मीच ठोकून दिला होता. मी माझी प्रार्थना मोठ्याने करते, आणि रोज प्रत्येक पोरीचं नाव त्यात घेते. तेवढं चालू ठेवावं. कुणाला हात जोडायला लावू नयेत, जोडले तर अडवू नयेत.

कलम तीन. पूर्वेची खोली मंगलला, तिच्या हयातीपर्यंत. तिचीही पिशवी काढली आहे आणि पाठ गेली आहे. तिला कुणी उठ म्हणू नये. माझी शिलाई मशीनही तिचीच. सुई ओवायला पोरींनी मदत करावी.

कलम चार. बद्रीनाथ आणि त्याचा मुलगा अंगद यांना घर, जमीन किंवा झाड यातलं काही नाही. बद्रीनाथला मी माफ केलं आहे. जमीन दिलेली नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याने त्या एक समजून आनंदात राहू नये.

अंगदबद्दल दोन शब्द. गेल्या महिन्यात तो आला, खाली बसला, माझे पाय धरले. म्हणाला, "आत्या, एका कागदावर लिही की तू आपल्या धर्मात परत आलीस. मग आमी तुला आपल्यात घेऊ. सगळ्या भावकीत, वाजतगाजत नेऊ. न्हाईतर गावात तुला जागा कुठंय?" पोरगा मनाने वाईट नाही. त्याचे डोळे भरले होते, आणि दुसऱ्या हातात जमिनीचा कागदही होता. मी त्याला चहा दिला आणि सांगितलं, "बाळा, चौतीस वर्षांमागं मला आपल्यात घ्यायचं होतं, तवा मी गोठ्यात होते. आता मी कुणाची तरी आहे. परत यायला मी हरवलेली न्हाई." जाताना त्याने पाणी भरून दिलं. म्हणून माझी सायकल अंगदच्या पोरीला द्यावी. ही सायकल पोरीचीच, अंगदने बाजाराला नेऊ नये.

कलम पाच. विसरले होते. माझा जुना कोयता भंगारात घालावा. कुठल्याही पोरीच्या हाती देऊ नये.

कलम सहा. मला जाळू नये. गावच्या जागेवरून कुणाशी भांडू नये, हात जोडून परवानगी मागत फिरू नये. माझ्याच तीस गुंठ्यांत, पश्चिमेच्या बांधाला मला पुरावं. सत्यशीला सिस्टर थकल्या आहेत, त्यांना आणायला गाडी पाठवावी. पाळकांनी थोडक्यात बोलावं. भावकीतून कुणी आलं तर पुढे उभं राहू द्यावं.

कलम सात, आणि हे सगळ्यात आधी पाळावं. माझं मरण हंगामात आलं तर पोरींची शाळा बुडवू नये. सकाळी त्यांना अंघोळ घालावी, वेण्या घालाव्यात, गरम भाकरी खाऊ घालावी आणि घंटेच्या आत शाळेत पोचवावं. रडतील, तरी पोचवावं. मग मला उचलावं.

वरील सर्व मजकूर मी सांगितला, वकीलसाहेबांकडे काम करणाऱ्या दिपाली खाडे हिने लिहिला, वाचून दाखवला, आणि तो बरोबर आहे. खाली सही माझी आहे. ती मी दवाखान्यात शिकले, आणि हक्कसोडीच्या त्या कागदावर केली नाही. आज तिचा खरा उपयोग झाला.

सही: धोंडाबाई सिदू बडे

आमच्या समक्ष सही केली. आम्हाला या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही:
साक्षीदार १. अभिमन्यू साळवे, पाळक, पाटोदा
साक्षीदार २. रुक्मिणीबाई सानप, शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, पिंपळदरा

स्थळ: पिंपळदरा वस्ती, ता. शिरूर कासार, जि. बीड
दिनांक: १२ सप्टेंबर २०२५