चिडलेल्या नातेवाइकाला कसे शांत करावे

१ जुलै, सकाळी ६
आजपासून मी विद्यापीठात नर्सिंगची लेक्चरर. तेवीस वर्षं घरोघर फिरून ड्रेसिंग केली, इंजेक्शनं दिली, कुत्री चुकवली. आता लोक बाकावर बसणार आणि माझं लिहून घेणार. तीन महिने प्रोबेशन, पण ते नावाला.
संकल्प: आवाज चढवायचा नाही. तसा माझा स्वभाव मुळातच शांत. हे ऐकून ह्यांनी पेपरात तोंड घातलं. नंतर माझ्या हातून एक कप निसटला. समोरच्या भिंतीपर्यंत.

२ जुलै
पहिला तास. स्लाइड उघडेना. रिमोट टेबलावर हलकेच आपटून पाहिला. आता दोन रिमोट आहेत, दोन्ही चालत नाहीत.
मग तोंडीच शिकवलं. आजारी आईच्या उशाशी कोयता घेऊन उभा असलेला दारुडा मुलगा, त्याच्या कानशिलात मी हाणलेला स्टीलचा ट्रे, मग मीच घातलेले सात टाके. मुलं जागची हलली नाहीत. एकीने विचारलं, हे परीक्षेला आहे का?

९ जुलै
विभागप्रमुख बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, अनुभव दांडगा आहे, पण थोडा सिलॅबसही घ्या. आणि तुमचे सगळे किस्से मारामारीवरच का संपतात? मी म्हटलं, संपत नाहीत, तिथून सुरू होतात.

१८ जुलै
लॅबमध्ये पुतळा आहे, मुलं त्याला आजोबा म्हणतात. हृदय बंद पडल्यावर छाती कशी दाबायची, ते दाखवलं. आतून कडाड आवाज आला. खऱ्या पेशंटच्याही बरगड्या मोडतात, पुस्तकात आहे. हात खांद्यातून निखळला आणि एक डोळा कपाटाखाली गेला, ते मात्र पुस्तकात नाही. हल्ली मालच हलका येतो.

५ ऑगस्ट
नवा संकल्प: राग आला की दहापर्यंत आकडे मोजायचे. आज चारपर्यंत पोचले. मागच्या बाकावरचा दाढीवाला मोबाइल बघत होता. डस्टर त्याच्या कानापासून वीतभर लांबून गेलं, म्हणजे मी नेम धरला नव्हता हे उघड आहे. ह्यांचं म्हणणं, नेम चुकला म्हणजे धरला नव्हता असं होत नाही. ह्यांना विचारलं होतं कोणी?

२० ऑगस्ट
माझ्या जुन्या जागेवर दुसरी सिस्टर घेतली. नणंदबाईंचा लगेच फोन: वहिनी, तिथे कायम नाही केलं तर गं? तर काय, एखाद्या एजन्सीमार्फत पुन्हा घरभेटी. पण तशी वेळच येणार नाही.
गेल्या वर्षी एका पेशंटच्या जावयाने मला जिन्यावरून ढकललं आणि मनगट मोडलं, त्याचा ह्या नोकरीशी काही संबंध नाही. मी ज्ञानदानासाठी आले आहे.

१२ सप्टेंबर
कायम करण्याआधीची तपासणी. विभागप्रमुख बाई फाइल घेऊन पहिल्या बाकावर. विषय: चिडलेल्या नातेवाइकाला शांत करणे. दाढीवाल्याला पेशंटचा मुलगा केलं. मीच बजावलं होतं, अगदी खरं वाटलं पाहिजे. त्याने ओरडत माझा दंड धरला.
ट्रे माझ्या हातात कसा आला, आठवत नाही. नाकाचं हाड मोडलं. रक्त बाईंच्या फाइलवर.
पण पुढे मी ते रक्त काय सुरेख थांबवलं! मान पुढे, नाकपुड्या चिमटीत, घड्याळ लावून दहा मिनिटं. सगळ्यांनी लिहून घेतलं. बाईंनीही लिहिलं. बरंच.

१४ सप्टेंबर
दाढीवाल्याने तक्रार केली नाही. त्याच्या आईने केली. निकाल माझ्याच बाजूने लागेल, अनुभवाला किंमत असतेच.

२६ सप्टेंबर
कायम केलं नाही.
मात्र आठवड्याला दोन तास यायचं. शिकवायला नाही. प्रॅक्टिकलमध्ये 'चिडलेली नातेवाईक' म्हणून. विद्यार्थ्यांनी एकमताने माझं नाव सुचवलं. संवाद लिहून देणार होते, मुलं म्हणाली, गरज नाही.
ह्यांना सांगितलं, आता मी तज्ज्ञ पाहुणी आहे.

३ ऑक्टोबर
पहिला दिवस. दाढीवाला नर्स, नाकावर पट्टी. मी पेशंटची मुलगी. आल्या आल्या खुर्ची उलथवली, सलाइनचा स्टँड फेकला, तुम्ही माझ्या आईला मारून टाकाल म्हणून किंचाळले. तो मागे सरला नाही, पुढेही आला नाही. स्टुलावर बसला, दोन्ही हात मला दिसतील असे गुडघ्यांवर ठेवले. हळू आवाजात विचारलं, तुम्हाला कशाची भीती वाटते?
म्हणायचं होतं, आई जाईल याची. तोंडून निघालं, मला परत एकटीने कुणाच्या घरात शिरायचं नाही. मग रडूच फुटलं. चाळीस मुलांसमोर, नाक गळेपर्यंत. तो बसून राहिला. बाईंनी त्याला पैकीच्या पैकी दिले.
तास संपल्यावर मी डोळे पुसून त्याला गाठलं. म्हटलं, शाब्बास, शिकवलेलं वाया गेलं नाही म्हणायचं. तो ओशाळला. म्हणाला, पुस्तकातला चौथा धडा आहे मॅडम. तो तुमचा शिकवायचा राहिला होता.