एकशे तेरानंतरची जेवणं

दि. १८ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा आता बरा असेल. आमच्याकडे सगळं ठीक. बेकरी जोरात चालली आहे, सकाळी पावासाठी रांग लागते. हे पत्र आणि तुझी भाची, दोन्ही मैद्याच्या गाडीबरोबर पाठवते आहे. ड्रायव्हरकाका भला माणूस आहे.

ह्यांचं मूळ संख्यांचं वेड तुला ठाऊकच आहे. एक आणि त्या स्वतः सोडून ज्यांना कशानेच भाग जात नाही, त्या संख्या. एकीपासून पुढचीपर्यंतचं अंतर कधी दोन, कधी चार, कधी एकदम आठ. त्यात काहीतरी रचना आहे म्हणून ह्यांनी मैद्याच्या रिकाम्या पोत्यांवरसुद्धा आकडे लिहिले. मी हसायचे. दारूपेक्षा बरं, म्हणायचे.

मग एक दिवस म्हणाले, "कागदावर मागचंच दिसतं गं. पुढचं अंतर भुकेलाच कळेल." आणि जेवणं मोजायला लागले. दुपारचं एक, रात्रीचं दुसरं. मूळ संख्येचं जेवण जेवायचं, मधली सगळी सोडून पाण्यावर आणि चहावर राहायचं. एकोणनव्वदाव्यानंतर ओळीने सात जेवणं सोडली आणि भट्टीपुढे भोवळ येऊन पडले. कोपरापर्यंत भाजलं. शुद्धीवर आल्यावर म्हणतात काय, "अगदी जवळ गेलो होतो!" हसत होते, दादा. मला भीती वाटली.

शंभरी ओलांडल्यावर मात्र निवळले. एकशे एक जेवले, एकशे तीन जेवले, एकशे सात, एकशे नऊ. मधले उपास आखूड झाले, मला वाटलं खूळ उतरत चाललं. हौसेने त्यांच्या आवडीचं रांधायला लागले, मूर्खासारखी.

काल दुपारी बापलेक एकदमच ताटावर बसले. "आज पोटभर जेव," हे तिला म्हणाले.

"का गं, आजच काय विशेष?" मी विचारलं.

"आई, हे एकशे तेरावं. आता थेट एकशे सत्तावीस."

शंभरीपासून तीही मोजत होती. मैत्रिणीकडे जेवले म्हणायची आणि मी खरं मानायचे. आता मधली तेरा जेवणं सोडणार म्हणते. आठ वर्षांची आहे रे ती! रात्री तिने दातच उघडले नाहीत.

मीच तिला घेऊन का आले नाही, असं तू विचारशील. ह्यांना एकटं सोडवत नाही, हे एक. दुसरं लिहायचं मघापासून टाळते आहे. आज सकाळी तिला भरवायला घास हातात घेतला आणि वाटलं, असेलही रचना. चार, दोन, चार, दोन, चार आणि मग एकदम चौदा. ह्यांना दिसतं ते मलाही क्षणभर दिसल्यासारखं झालं. माझी भूकच गेली. बरं वाटलं रे, फार बरं वाटलं.

तिला दामटून जेवू घाल. रडली तरी ऐकू नकोस. थोड्या दिवसांनी मी तिला न्यायला येईन. शांतपणे बोलेन, तुला पटेल असंच बोलेन. तेव्हा तिला माझ्या हाती देऊ नकोस.

तुझी,
धाकटी