भरलेला डवरा

बाई, तुमच्या शोकसभेला मी आले नव्हते. निमित्त सांगितले होते प्रवासाचे. खरे कारण असे, की तिथे कोण काय बोलेल ते मला आधीच ठाऊक होते आणि वाईट मराठी ऐकण्याची माझी तयारी नव्हती. आता इतक्या वर्षांनी विभागाने स्मरणिका काढायचे ठरवले आहे आणि तुमची सर्वांत यशस्वी विद्यार्थिनी म्हणून माझ्याकडून दोन पाने मागवली. मी ती दिली. त्यांत ‘क्षेत्राभ्यासाच्या मार्गदर्शक दीपस्तंभ’ असा एक शब्दप्रयोग आहे. तो वाचून तुम्ही हसला असतात आणि ओठांवरची चिवड्याची शेव माझ्या पानावर पडली असती. जे त्या दोन पानांत बसत नव्हते ते इथे लिहिते आहे.

भूगोलाच्या एम.ए.चे ते माझे दुसरे वर्ष. दर शनिवारी तुमच्याबरोबर कुठेतरी जायचे, असा तुम्ही नेम घालून दिला होता. त्याला तुम्ही क्षेत्रभेट म्हणत होतात. मी मनातल्या मनात भटकंती म्हणत होते. माझ्या वर्गातले बाकीचे तिघे दिवाळीपर्यंत गळाले. त्यांच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. म्हणण्यासारखे त्यांच्यात काही नव्हते. मी टिकले, कारण प्रबंधावर तुमची सही लागणार होती. एका शनिवारी आपण उल्हासनगरच्या कापडबाजारात गेलो. विषय होता बाजारपेठेची रचना. तुम्ही एका सिंधी दुकानदाराच्या गादीवर मांडी घालून बसलात आणि पडद्याच्या कापडावरून त्याच्याशी तासभर वाद घातलात. तो म्हणाला, “मॅडम, आप तो घर की हो, पण एवढ्या कमीत नाही परवडत, खरंच सांगतो.” तुम्ही म्हणालात, “घरची आहे तर चहा कुठाय?” चहा आला. मग त्याचे आजोबा फाळणीत कुठल्या गावाहून निघाले, आधी कुठल्या छावणीत राहिले, दुकानाचे तोंड रस्त्याकडून गल्लीकडे का वळवले, हे सगळे आले. कापड तुम्ही घेतले नाहीत. माझ्या वहीत त्या दिवशीची एकच ओळ आहे: ‘निष्पन्न काही नाही.’

असेच एकदा एमआयडीसीच्या फाटकाशी पाळी सुटण्याच्या वेळी उभे राहिलो. मी प्रश्नावली छापून नेली होती. तुम्ही ती पिशवीत घातलीत आणि कामगारांना डब्यात काय होते ते विचारत सुटलात. शिवमंदिराच्या परिसरात मी नदीच्या पात्राची रुंदी मोजत असताना तुम्ही फुलवालीशेजारी बसून तिच्या टोपलीतले हार ओवत होतात. मला तुमची लाज वाटत होती, हे आज स्पष्ट लिहायला हरकत नाही. संपूर्ण कारकिर्दीत दोन लेख, तेही विद्यापीठाच्याच नियतकालिकात. वहीवर तेलाचे डाग. नकाशाची घडी नेहमी उलटी. आणि वर मलाच सांगायचे, “तू फार हुशार आहेस गं. जरा बसायला शीक.” ज्या बाईला साधी प्रमाणपट्टी जागेवर ठेवता येत नव्हती, तिच्याकडून बसण्याचे शिक्षण घ्यायला मी विद्यापीठात आले नव्हते.

फेब्रुवारीत आपण बारवी धरणाच्या बाजूच्या एका वाडीत गेलो. माझ्या प्रबंधाचा विषय डोंगरवाड्यांचे पाणी हा होता, आणि त्यातले हे शेवटचे ठिकाण. बदलापूरहून रिक्षा केली. चढ सुरू झाल्यावर रिक्षावाल्याने गाडी थांबवली. “मॅडम, हितनं पुढं नाय. चेंबर घासतंय. तुम्ही दोघी उतरलात तरी घासंल.” तुम्ही त्यालाही चिवडा दिलात आणि आपण चालत निघालो. वाडीला विहीर नव्हती. ओढा आटला, की बाया वाळूत हातभर खोल खड्डा खणायच्या. त्यात पाणी हळूहळू झिरपून साठते. त्याला तिकडे डवरा म्हणतात. उन्हाळ्यात एक हंडा भरायला किती वेळ बसावे लागते, यावर त्या वाडीचा सगळा दिवस ठरतो. वाडीने टँकरसाठी अर्ज करायचा आणि त्याला आपल्या मोजमापाचा तक्ता जोडायचा, असे तुम्ही त्यांना कबूल करून बसला होतात. आपण शनिवारी येऊ, हा निरोपही आठवडाभर आधी धाडला होतात.

मी डवऱ्यावर जाते आहे. तुम्ही नेहमीप्रमाणे एका म्हातारीच्या ओट्यावर. मी ठरावीक मापाच्या बादलीने पाणी उपसते, घड्याळ लावते, पातळी पूर्ववत होईपर्यंतचा वेळ लिहिते. पुन्हा उपसते, पुन्हा लिहिते. सहा वेळा. आकडे इतके एकमेकांना धरून आहेत, की आलेख काढण्याआधीच तो मला दिसतो. या वेगाने पाणी मेअखेरपर्यंत पुरणार. वर्षभरातल्या सगळ्या गबाळ्या शनिवारांत हे एकच माप मला निर्दोष वाटते आहे.

तेवढ्यात तुम्ही म्हातारीला घेऊन उतारावरून येता. तुमच्या चेहऱ्यावर हसू नाही, ते तिच्या चेहऱ्यावर आहे. तिने तुम्हाला अर्धा कप कोरा चहा दिला होता. ओट्यावरचे सगळे हंडे पालथे आणि वाळलेले पाहून तुम्ही कारण विचारले होते. “सांगा हिला,” तुम्ही म्हणालात. म्हातारी कौतुकाने म्हणाली, “तुमी पानी बगाया येनार, मंग काल सकालपासून कुनी हात नाय लावला डवऱ्याला. साफ केला, भरू दिला. पाव्हना यील त भरल्यालं दिसाया नगं?” म्हणजे घरी आलेल्या माणसाला जसे रिकामे घर दाखवत नाहीत, तसा त्यांनी मला रिकामा डवरा दाखवला नव्हता. एक दिवस आणि एक रात्र तहान मारून त्यांनी माझ्यासाठी पाणी राखले होते. आजूबाजूची वाळू भिजून तुडुंब होती. ती भराभर झिरपणारच.

“आजचं माप टाकून दे,” तुम्ही म्हणालात. “पुढच्या शनिवारी येऊ. न सांगता.”

“पद्धत बरोबर आहे, बाई,” मी म्हणाले.

“पद्धत बरोबर आहे गं. पाणी खोटं आहे.”

पुढच्या शनिवारी तुम्ही तापाने कात्रपच्या घरी पडून होतात. मी एकटी जाऊ शकले असते. गेले नाही. विभागप्रमुखांनी तक्ता मागितला, तो मी सुवाच्य अक्षरात उतरवून दिला. त्यांना तो फार आवडला. नीटनेटके काही पाहण्याची त्या माणसाला सवय नव्हती. त्यांनी स्वतःचे पत्र जोडून, तुम्हाला न विचारता, तो थेट तहसील कचेरीत पाठवला.

एप्रिलमध्ये तुम्ही वाडीतल्या बायांना घेऊन कचेरीत गेलात आणि मला बरोबर नेलेत. कारकुनाने फाइल उघडली. “मॅडम, हा तुमच्याच कॉलेजचा कागद. पाणी मेपर्यंत आहे म्हणतोय. मग टँकर कशाला, गाड्या धुवायला?” मागच्या टेबलावरचा एकजण हसला. बाया तुमच्याकडे पाहत होत्या, तुम्ही माझ्याकडे. मी तोंड उघडेन अशी तुमची अपेक्षा होती, असे आता वाटते. मी भिंतीवरचा तालुक्याचा नकाशा पाहत राहिले. त्यात वाडी चुकीच्या जागी दाखवली होती. मग तुम्ही म्हणालात, “माप मी घेतलं होतं. माझी चूक झाली. तसं लिहून देते.” कारकून म्हणाला, “मॅडम, एक काय ते ठरवा. आहे, का नाही?” तुम्ही तिथेच बाकावर बसून, पिशवीतल्या चुरगळलेल्या कागदावर लिहून दिलेत. अक्षर वाईट होते.

टँकर आला, पण मे उतरणीला लागल्यावर. मधल्या दिवसांत बाया टेकडीपलीकडच्या ओढ्यावर जात होत्या. त्या उतारावर म्हातारी हंड्यासकट घसरली. आपण गेलो तेव्हा तिचा हात गळ्यात बांधलेला होता. तिने दुसऱ्या हाताने आपल्यासाठी गोणपाट झटकले आणि मला विचारले, “बाय, तुजं घड्याल बिगाडलं व्हतं का गं?” बाकीच्या हसल्या. त्या हसण्यात राग असता तर मला सोपे गेले असते. तुम्ही तिच्या मनगटाला तेल लावत होतात आणि माझ्याकडे एकदाही पाहिले नाहीत.

पुढच्या वर्षापासून विभागाने तुमच्या क्षेत्रभेटी बंद केल्या. ‘मोजमापात निष्काळजी’ असा शेरा होता म्हणे. त्यानंतर दोन वर्षांनी तुम्ही गेलात, ती दोन वर्षे वेळापत्रकाप्रमाणे चार भिंतींत शिकवून. मला प्रबंधाला सर्वोच्च श्रेणी मिळाली. तक्ता त्यात आहे, बाहेरच्या परीक्षकाने त्याचा खास उल्लेख केला. तुमच्या त्या औदार्याचा मला अनेक वर्षे तिटकारा होता. न मागता कुणाची चूक अंगावर घेणे हा मला अहंकाराचाच एक प्रकार वाटतो, आणि ते मत मी बदललेले नाही. तुम्ही मला त्या कारकुनासमोर उघडे पाडायला हवे होते. मी तुमचा द्वेष केला असता, पण दोघींचा हिशेब सरळ राहिला असता. आता मीही शिकवते. माझे विद्यार्थी माझ्या कडकपणाचे दाखले देतात, मी त्यांच्या आकड्यांत दशांशाची चूक सोडत नाही. त्यांना मी वाड्यांवर नेत नाही. प्रवासाची परवानगी मिळत नाही, असे सांगते. ती मी कधी मागितलेली नाही.

स्मरणिका छापायला गेली. त्यात हे सगळे नाही, आणि हा कागदही कुठे जायचा नाही. कात्रपच्या तुमच्या दारावर आता दुसऱ्या कुणाची पाटी आहे. तरी एक गोष्ट राहते, आणि ती तुम्हालाही ठाऊक नव्हती. त्या सकाळी तुम्ही ओट्यावर बसलात आणि मी एकटी डवऱ्याकडे उतरले, तेव्हा पायवाट कोरडी ठक्क होती. पाणवठ्याची वाट, सकाळची वेळ, आणि हंड्यातून सांडलेल्या पाण्याचा एक थेंब नाही, वाळूत ओले पाऊल नाही. मी थांबले. वहीत लिहिलेही: ‘वाट कोरडी. आज कुणी पाणी भरून नेलेले नाही.’ मग सहा मापे घेतली, ती सुंदर आली, आणि घरी गेल्यावर ते पान मी स्वच्छ अक्षरात पुन्हा उतरवून काढले. ती ओळ वगळून. म्हातारी बोलण्याआधीच मला कळले होते, बाई.