कोणता खांदा

घनसावंगी, शेतवस्ती
ता. १९ जानेवारी २०२५

चि. वर्षाराणीस,

आजाचा आशीर्वाद. पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. लिहायला बसायचो आणि उठायचो. माझी शाळा सातवीत सुटली, हे तुला माहीत आहे. पण अक्षराचं कारण सांगितलं तर ते खोटं होईल.

इकडे सगळं ठीक आहे. ऊसतोड चालू आहे, रस्त्याच्या कडेला ट्रॉल्या उभ्या असतात. मी त्या रस्त्याने जात नाही, बांधावरून जातो. काळी शेळी व्याली, दोन्ही पाटीच झाल्या, बोकड एकही नाही. तू वेळेवर जेवतेस का? कॅम्पात थंडी फार आहे का? मोडलेल्या खांद्यात लोखंडी पट्टी बसवली की थंडीत ठणका लागतो म्हणतात. पुढच्या सोमवारी तुझं फायरिंग. नेमबाजीच्या संघात परत घेणार की नाही ते त्या दिवशी ठरणार, हे ऐकल्यापासून मी दिवस मोजतो आहे.

दिवाळीला मी खांद्यासाठी पाठवलेली गादी तुला उलटीच लागली. मला वाटलं, रायफलचा धक्का म्हणजे ओझंच. डोक्यावर चुंबळ घेतली की ओझं लागत नाही, तशी घोंगड्याची चार पदरी घडी खांद्याला शिवली की झालं. तुझी आजी कडूबाई तेव्हाच म्हणाली होती, "बंदुकीला बी थंडी वाजती का? पोरगी गोळ्या माराया गेली का बकऱ्या राखाया?" मी म्हणालो, "तू गप." आता ती तेच रोज उगाळते. गादीमुळे रायफलचा मागचा दस्ता घसरला आणि जुडलेल्या हाडावरच बसला, हे तू हसत सांगितलंस. मला हसू आलं नाही.

फायरिंग शिकवणाऱ्या तुमच्या उस्तादांचं बोलणं मी पाठ केलं आहे. "गादी काढ. दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट दाब. सैल धरली तर रायफल मारती, घट्ट धरली तर नुसती ढकलती." त्यांनी खऱ्या गोळ्यांत गुपचूप एक खोटी गोळी भरली. ती उडाली नाही, तरी तुझा खांदा उडाला आणि डोळे मिटले. बाकीच्या पोरी हसल्या म्हणालीस. हसू दे. माझंही तसंच आहे. दारापुढून कोणाचीही मोटारसायकल गेली की मी खाटेवरून उठतो. गाडी निघून जाते. मी उभाच असतो.

ते घोंगडं कोणाचं, हे तू वासावरूनच ओळखलं असशील. तेराव्याला तुझ्या अप्पाचे, माझ्या अंगदचे कपडे वाटून टाकले, तेव्हा मी ते कडब्याच्या गंजीत दडवलं होतं. मेलेल्याचं घरात ठेवू नये म्हणतात. ठेवलं.

फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "आजा, अप्पा जाताना काही बोलले का?" मी "हॅलो, हॅलो, आवाज येत न्हाई" म्हणालो आणि फोन बंद केला. आवाज येत होता. बराबर येत होता.

राणी, तुम्हा दोघांची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली तेव्हा तुला पहिल्या जीपमध्ये घातलं, अंगदला दुसऱ्या. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अंबडच्या अलीकडे त्याने डोळे उघडले.

"राणी?"

"हाय. खांदा मोडला फक्त."

"कोणता?"

तुला आठवतं का, भरती झाल्यावर तू त्याला अंगणात शेळ्यांची काठी देऊन रायफल धरायला शिकवायचीस? तो मुद्दाम डाव्या खांद्याला लावायचा आणि तू ओरडत उजव्याला लावून द्यायचीस. तुला जीपमध्ये चढवताना तुझा उजवा हात लोंबत होता, तो मी पाहिला होता.

मी म्हणालो, "डावा."

"नक्की?"

"बिलकुल. डावा."

"मंग बरं," म्हणाला. नंतर बोललाच नाही.

आता दुपारी माझा डोळा लागला की तो खाटेच्या पायथ्याशी येऊन बसतो. रडत नाही, भांडत नाही. एवढंच विचारतो, "दादा, कोणता?" मी डावा म्हणतो. पहिल्यासारखं "मंग बरं" तो म्हणत नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहतो. कडूबाईला हे सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

सोमवारी फार दुखलं तर सरळ घरी निघून ये. घर आहे, शेळ्या आहेत. नाही, येऊ नकोस. घट्ट धर. घोंगड्याचा तो तुकडा मात्र टाकू नकोस, पाठवून दे. जिथून कापला तिथे परत शिवतो.

निशाण्यावर किती लागल्या, ते मला कळणार नाही. उजव्या खांद्यानं रायफल सोसली का, तेवढं जल्दी कळव. फोन केलास तरी चालेल, आता आवाज येईल. तो रोज येऊन विचारतो. त्याला काय सांगू?

तुझ्या निरोपाकडे कान लावून बसलेला,
तुझा आजा
रायभान