वरच्या खोलीतलं नेट

प्रिय आत्या,

काल तुझं तेरावं झालं. पाहुणे आज सकाळीच पांगले आणि दुपारी अडीचला मला कामावर हजर व्हायचंय. डब्लिनमध्ये तेव्हा ऑफिस सुरू होतं. लॅपटॉप कुठं लावू म्हणून शेजारच्या पद्माक्कांना विचारलं, तर म्हणाल्या, "वरच्या खोलीत बस की. तुझ्यासाठीच हाय ती." म्हणून इतके दिवस बंद असलेल्या आपल्या वरच्या खोलीत आले. काम राहिलं बाजूला, तुलाच लिहायला बसले.

हे काय करून ठेवलंस गं?

टेबल, खुर्ची, कोपऱ्यात इन्व्हर्टर, भिंतीवर हिरवा दिवा लागलेला नेटचा डबा! बटणांचा फोन वापरणाऱ्या बाईच्या घरात! इतके दिवस पद्माक्कांनी ब्र काढला नव्हता. आज एकेक करून सांगितलं.

आठवतं? दोन वर्षांपूर्वी मी फुशारकीनं सांगितलं होतं, आता कंपनी कुठूनही काम करू देते. तू लगेच म्हणालीस, "मग हितनं कर की, मनी!" मी गडबडले. म्हटलं, "आत्या, तिथं लाइट जाते." पुढच्या खेपेला विचारलंस, तेव्हा नेटचं कारण पुढं केलं. तिसऱ्यांदा तू विचारलंच नाहीस. मला वाटलं, सुटले.

खरं कारण वेगळंच होतं. कंपनीचा नियम असा की जिथं राहाल, तिथला पगार. सोलापुरात बसले असते तर पगार तिसऱ्या हिश्श्यावर आला असता. हे तुला सांगायची लाज वाटली. शाळेत कारकुनी करून आईविना पोर वाढवलेल्या बाईला कोणत्या तोंडानं सांगणार होते?

आणि तिथं तरी काय थाट होता! चौघींच्या घरात एक खोली, तिचं भाडंच निम्मा पगार खायचं. हीटरचं बिल परवडेना म्हणून थंडीत तू दिलेली चादर अंगाभोवती गुंडाळून कामाला बसायचे. पद्माक्कांच्या मोबाइलवर तुला ती दिसली, तर केवढी हरखलीस! "अजून वापरतीस व्हय गं?" मी नुसती हसले. सगळं काम खोलीतूनच. मीटिंग संपली की दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नसे. कधी कधी तर दुकानात जाऊन उगीच भाव विचारायचे.

येताना विमानात पहिल्यांदा नीट हिशेब मांडला. भाडं, बस, खाणं जाऊन तिथं जे हातात उरायचं, जवळपास तेवढंच इथंही उरलं असतं. मग मी कशासाठी राहिले? मोठ्या आकड्यासाठी. परदेशात असते म्हणवून घेण्यासाठी. दोन वर्षं, आत्या!

पण तूही काही कमी नाहीस. इन्व्हर्टर बसवलास आणि फोनवर काय म्हणालीस? "आता लाइट लई जात न्हाय हं." बस, एवढंच! सरळ सांगायचंस की, खोली तयार आहे, ये म्हणून. पद्माक्का सांगणार होत्या, तर त्यांनाच दटावलंस म्हणे: "तिला वाटंल, आत्या मागं लागली. तिची ती येऊ दे." आणि कुणीच न वापरणाऱ्या नेटचं बिल भरायला दर महिन्याला सात रस्ता चौकातल्या नेटवाल्याच्या ऑफिसात जात राहिलीस. दुखरे गुडघे घेऊन!

त्या सकाळी तुझ्या छातीत कळ आली, तेव्हा वर ही खुर्ची रिकामी होती. मी इथं असते तर वाचली असतीस? डॉक्टर नाही म्हणतात. पण तुला हाक तरी मारता आली असती. मला पोचायला दीड दिवस लागला. गाडी टेंभुर्णीपाशी असताना पद्माक्कांचा फोन आला, "आणखी थांबता येईना गं, स्मशानात न्यायला लागलं." तुझं तोंडही पाहायला मिळालं नाही.

मघाशी लॅपटॉप उघडला. नेटचा पासवर्ड टेबलावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर होता. जोडणी करणाऱ्या माणसानं विचारलं होतं, काय ठेवू? तू सांगितलंस आणि त्यानं इंग्रजी अक्षरांत लिहून दिलं: मनीआली.

ती अक्षरं टाइप करताना मला रडू आवरेना.

अडीच वाजत आलेत. आज साहेबांना सांगणार आहे की पगार सोलापूरचा द्या. तिथल्या खोलीचा करार महिनाभर उरलाय, तो संपवून परत येते. तू नसताना या घरात कसं राहायचं, ते खरंच मला माहीत नाही. पण एक शब्द देते, आत्या. हा पासवर्ड मी कधी बदलणार नाही, आणि तो खोटाही पडू देणार नाही.

तुझीच,
उशिरा आलेली मनी