सुखदेवभाऊसाठी जुना रेग्युलेटर

११ जाने., रवि.
मालवणहून दोन्ही पार्सलं आली. गेल्या वर्षी सरांकडे दहा दिवस डायव्हिंग शिकलो, त्यांनीच दोन जुने रेग्युलेटर पाठवले, पाण्याखाली टाकीतली हवा तोंडात देणारे. म्हणाले, पाहा, एक ठेवा, एक परत करा. दोन्ही ओसरीत मांडून बसलो. एक चकचकीत, विणलेले रंगीत पाईप. दुसरा काळा, ओरखडे पडलेला, तोंडात धरायच्या रबरावर कोणाचे तरी दात उमटलेले.

प्रतिमा चहा ठेवून गेली. "पोरगी पाहाले आले का जी? गोरी पसंत करा न, काळी कायले उलटून पाहून राहिले?"

तिला गंमत वाटते. पण तिलाही माहीत आहे कोणासाठी चाललंय. दिवाळीत मच्छीमार सोसायटीचं जाळं चोरखमारा तलावाच्या पाणी सोडायच्या गेटमध्ये अडकलं. सुखदेवभाऊ दम धरून तीनदा खाली गेला. वर आला तर नाकातून रक्त. बावन्न वर्षांचा ढिवर, मासेमार, पण तलावात कोणी बुडालं की गावचा पोलीसपाटील अजून त्यालाच फोन करतो, आणि हा नाही म्हणत नाही. पुढच्या वेळी तो नुसत्या दमावर खाली जाऊ नये, एवढंच मला पायजे.

१३ जाने.
दुकान बंद करून तपासलं. टाकीवर बसतो त्या पितळी भागात बारीक जाळी असते. गोरीची जाळी हिरवी. म्हणजे आत पाणी गेलंय, पितळ खाल्लं जातंय. रंगीत पाईप लावून दिले की कोणाचं लक्ष जात नाही. काळीची जाळी साफ. टोपण लावून तोंडाने ओढून पाहिलं, हवा आलीच नाही, म्हणजे आतला पडदा शाबूत. सामान अजून मिळतं, सरांना विचारलं.

पण पाईप गेलेले. टोकाच्या रबरी टोप्या मागे सरकवल्या, खाली भेगाच भेगा. कोहमाऱ्याला माझ्या दुकानात ट्रकवाल्यांचे पाईप पाहतो, तिथेही हेच. टोपीखाली कोणी पाहत नाही.

काळी ठेवली. गोरी परत.

१८ जाने., रवि.
एक गोष्ट डोक्यात चालली आहे. दिवसभर मी करतो काय? जेसीबीचे, ट्रकचे पाईप. कापायचा, फिटिंग बसवायची, मशीनमध्ये दाबायची. रेग्युलेटरच्या पाईपात दाब असतो ट्रकच्या ब्रेकपेक्षा थोडाच जास्त. माझा हायड्रोलिक पाईप त्याच्या वीसपट सहन करतो. मग मालवणहून मागवायचं कायले? लेथवाल्याकडून आटे करून घेतले. उद्या बसवतो.

१९ जाने.
बसवला. साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. मी खूश. नागपूरहून आणलेली हवेची टाकी उघडली, दुकानात स्टुलावर बसून पंधरा मिनिटं त्यातून श्वास घेतला. तेलाचा वास होता थोडा. म्हटलं नवा आहे, जाईल.

संध्याकाळी डोकं फुटायला आलं. दोनदा उलटी. प्रतिमाने पाठ चोळली आणि मग बोलली ते बोललीच. "आपलं डोस्कं लय चालते, नाई? ज्या नळीतून तेल जाते तिच्यातून भाऊले हवा पाजत होते? खाली ओकला असता तं?"

लाज वाटली. इतकी वर्षं पाईप फुटू नये एवढंच पाहिलं, आतून कसा आहे ते कधी पाहायचं कामच पडलं नाही.

२० जाने.
तो पाईप चार तुकडे करून भंगारात टाकला, कोणी उचलू नये म्हणून. रेग्युलेटर सरांकडे परत. सगळं उघडून साफ करा, रबरी कड्या बदला, हवेचे पाईप नवे लावा. सर म्हणाले, "आणि दुसरं तोंड लावून घ्या, लांब पाईपावर." हो म्हटलं.

६ फेब्रु.
आला. पितळ चमकून राहिलं. दुसरं तोंड पिवळ्या लांब पाईपावर. प्रतिमाने हातात घेऊन पाहिलं, म्हणाली, "आता पोरगी नांदते." चोवीस तास टाकीवर ठेवून पाहतो, दाबाचा काटा हलतो का.

७ फेब्रु.
हलला नाही. आज झोप लागेल.

८ फेब्रु., रवि.
चोरखमारा. सुखदेवभाऊने सगळं उलटंपालटं करून पाहिलं.
"हे दुसरं तोंड कोनाचं गा?"
म्हटलं, सोबत्याचं. एकाची हवा गेली तर दुसऱ्याने द्यायची.
"अना सोबती कोन?"
मी दोर सोडवत बसलो.

उतरला. दोन पुरुष खोल पाणी. मी काठावर दोर धरून. बुडबुडे आले, मग थांबले. थांबलेलेच. मग भाऊ सरळ वर आला, गाल फुगलेले, तोंड घट्ट मिटलेलं. वर येऊन खोकला. खोकताना लाल थेंब.

शिकवणीत पहिल्याच दिवशी सांगतात: या हवेवर दम धरायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगते, फुप्फुस फाटतं. मी भाऊला दहादा सांगितलं होतं. तो म्हणतो, "आयकलं गा म्या. पन पान्यात गेलो का छाती आपोआप बंद होते. सात वर्साचा होतो तवापासून तेच केलं."

दवाखान्यात नेलं. छाती ठीक निघाली. डॉक्टर म्हणाले, नशीब.

मी त्याला वाचवायला निघालो होतो.

९ फेब्रु.
सरांना फोन. रागावले. "त्यांना परत देऊ नका. शिकलेले तुम्ही आहात ना विजय? तुम्ही जा. ते दोर धरतील."
म्हटलं, हो सर.

आता इथे लिहितो, बाहेर कोणाला सांगितलं नाही. मालवणच्या स्वच्छ पाण्यात उतरलो, ते जमलं. चोरखमाऱ्यात घोट्याच्या वर पाय टाकला नाही, अनिल तिथे बुडून गेल्यापासून. माझा धाकटा भाऊ. सुखदेवभाऊने त्याला चौथ्या बुडीत वर आणलं. आईच्या पुढ्यात ठेवलं, अंगावरचं पाणी पुसलं, आणि चहासुद्धा न घेता गेला. त्या पाण्याची मला भीती वाटते. इतक्या जाळ्या तपासल्या, पाईप बदलले, ते भाऊसाठीच, खोटं नाही. पण आपल्याला उतरावं लागू नये म्हणूनही.

२२ फेब्रु., रवि.
भाऊला सगळं सांगितलं. वाटलं हसेल. नाही हसला. "मले काऊन नाई सांगतलं एवढे दिवस?" म्हणाला, आणि दोर माझ्या कमरेला बांधला. त्याची गाठ वेगळी, ओल्या दोराला न सरकणारी.

छातीएवढ्या पाण्यात डोकं घातलं. गढूळ, हात दिसेना. तीन श्वास. बाहेर. भाऊ म्हणतो, "तीन झाले. मोजून राहिलो मी. पुढच्या आयतवारी चार कर."

१ मार्च, रवि.
अकरा मिनिटं. रेग्युलेटर मऊ चालतो. तळाला हात लागला, चिखल. अनिल आठवला. श्वास चालू ठेवला. वर आलो तेव्हा भाऊ दोर गोळा करत होता. घरी नेऊन झिंग्याची चटणी खाऊ घातली.

८ मार्च, रवि.
दोन पुरुष पाणी, वीस मिनिटं. भाऊ काठावरून दोराने वाट दाखवतो. एक ओढ डावीकडे, दोन उजवीकडे. तलाव त्याला पाठ आहे. नागपूरहून टाकी भरून आणायची.

१२ मार्च
सकाळी भाऊचा फोन. काल दुपारपासून एक माणूस घरी नाही. कपडे, चपला काठावर. त्याची आई तिथेच बसून आहे. पोलीसपाटलाने भाऊला बोलावलं.

"तू येत असशील तं थांबतो," म्हणाला. "नाई तं उतरतो. बुढी पाहून राहिली माह्याकडे."

म्हटलं, येतो. पाण्याला पाय लावू नको.

जाळी पाहिली. टोप्या मागे सरकवून पाहिल्या. टाकी परवाच भरून आणली, पूर्ण. प्रतिमा म्हणाली, तुम्ही टाकी धरा, गाडी मले द्या. मी मागच्या सीटवर टाकी धरून बसलो आहे, अक्षर हलतंय.

अर्धा रस्ता झाला. भाऊचा फोन दोनदा लावला. वाजतो, कोणी उचलत नाही.

थांबतो म्हणाला आहे. पण तो आजवर काठावर कोणासाठी थांबला नाही. अनिलसाठीही नव्हता थांबला.

प्रतिमाला म्हटलं, जरा हाण गाडी.